बेडकीचं अस्तर

जळगाव,
रविवार, १२ मे १९९१

ती. भाऊस,
कुंदाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही सगळेही बरे असाल. उत्तराला उशीर झाला, कारण बिबड्यांचं वाळवण काढलं होतं. ज्वारीचा चीक शिजायला लागला की मधे उठता येत नाही. यंदा ऊन असं पडलंय की सकाळी घातलेले बिबडे दुपारपर्यंत कडकडीत होतात. शुभदा वहिनींना मागच्या वेळी आवडले होते, म्हणून एक डबा वेगळा काढून ठेवलाय. ह्यांच्या कारखान्यातलं कोणी पुण्याला जाणार असेल तर त्याच्याबरोबर पाठवीन.

सावद्याची बातमी म्हणजे, गेल्या आठवड्यात वादळ झालं आणि कौतिक काकांची निसवलेली केळीची बाग झोपली. घडांच्या वजनाने झाडं मधूनच मोडली. काका स्वतः सांगायला आले होते. तुझी चौकशी केली त्यांनी. सासूबाई हल्ली धुळ्याला धाकट्या दिरांकडे असतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता तुझ्या पत्राकडे वळते.

तू लिहिलंस की बेडकीत डाव्या बाजूला बसलं की पायाला चटके बसतात, आवाजाने शेजारच्याचं बोलणं कळत नाही, खंडाळ्याला गेलात तेव्हा वहिनींच्या पुढ्यात बसलेल्या तुझ्या मैत्रेयीच्या पोटरीला फोड आला आणि वहिनींनी पुन्हा त्या गाडीत बसणार नाही म्हणून सांगितलं. ‘नानांनी आणि तू मिळून ते गाद्यांचं काम केलं होतंत, त्याचा सगळा तपशील कळव, तुला त्यातलं कळतं,’ असं लिहिलंस. वाचून हसू आलं. त्या वेळी तू त्याला गोधडीचा संसार म्हणाला होतास.

पण कळवते. मैत्रेयीच्या पायाचा प्रश्न आहे.

तुला ठाऊक नसेल, कारण तू नव्हतास, पण ते अस्तर निवडण्यात नाना आणि मी आख्खा फाल्गुन घालवला होता. आई गेल्यावर नाना माझ्याकडे राहायला आले, तेव्हा बेडकीही आमच्या पोर्चमध्ये आली. त्याआधी कित्येक वर्षं ती सावद्याला केळीच्या वखारीत पाचोळ्याखाली पडून होती. भुसावळच्या रेल्वेतल्या त्या अँग्लो-इंडियन साहेबाने ऑस्ट्रेलियाला जाताना ती नानांना विकली, तेव्हा तू शाळेत होतास. हिरवी, बुटकी, दोनच सीटची. गावाने तिला बेडकी म्हटलं आणि नानांनीही तेच नाव धरलं. मग तू लग्न केलंस. वहिनी आपल्यातल्या नाहीत म्हणून नाना लग्नाला आले नाहीत, तू येणं बंद केलंस, आणि नानांनी गाडीला हात लावणं बंद केलं.

अठ्ठ्याऐंशी साली तू आलास, वखारीत गेलास, आणि बाहेर येऊन म्हणालास, “नाना, ही एमजी आहे! हिला माणसं शोधत फिरतात.” तू गाडीसाठी आला होतास. नानांना वाटलं, त्यांच्यासाठी आलास. मी त्यांचा तो समज तसाच राहू दिला.

इंजिनाचं काम तू पुण्याहून मेकॅनिक आणून करून घेतलंस, रंग दिलास, आणि सांगितलंस की पुढच्या वर्षी महाराष्ट्रदिनाला जळगाव ते धुळे जुन्या गाड्यांची रॅली आहे, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. त्या दिवसापासून नानांचं एकच सुरू झालं. मला म्हणाले, “पोरी, हे इंजन लई बोंबलते. आन् खाली तवा तापते. ह्याच्यावर काई तरी इलाज कराले पाह्यजे.”

मी म्हटलं, “नाना, दोन-अडीच तासांचा तर रस्ता. कापसाचे बोळे घाला कानात.”

“बोये घातले त मंग गिरधरचं बोलनं कसं आयकू येईन?” ते म्हणाले. “मले बोलाचं हाये त्याच्यासंगं. घरी तो बसत नाई. गाडीतून उठून कुठी जाईन?”

म्हणून ते अस्तर होतं, भाऊ. तुझ्याशी बोलता यावं म्हणून.

आम्ही दोघं रिक्षाने बाजार पालथा घातला. जिनिंगवाल्याकडून नमद्याचा, त्या दाबून केलेल्या जाड लोकरीचा, तुकडा आणला, शीतगृहाचं काम करणाऱ्याकडून काचेची लोकर, छपरं करणाऱ्याकडून डांबरी पट्टा, शिवाय थर्माकोल, काथ्या, बुचाचा पत्रा. वाफेच्या पाइपाला गुंडाळतात तो अ‍ॅस्बेस्टॉसचा दोरखंडही होता, पण त्याची धूळ छातीत जाते असं वाचलं होतं, म्हणून तो मी घरात येऊ दिला नाही. मग स्वयंपाकघरात परीक्षा. गॅसवर भाकरीचा मोठा तवा पालथा घालायचा, त्यावर एकेक तुकडा ठेवायचा आणि तुकड्यावर डालड्याची गोळी. कुणावरची आधी वितळते ते बघत नाना स्टूल घेऊन बसायचे. त्यांना हाताने अंदाज घेता येत नव्हता ना. साखरेमुळे तळपाय तर कधीचेच बधिर होते, बोटंही तशीच होत चालली होती. थर्माकोल आक्रसून गोळा झाला आणि घरभर घाण वास. काथ्याने धूर सोडला. काचेच्या लोकरीवरची गोळी टिकली, पण तिचे तंतू माझ्या हाताला टोचून पुरळ उठलं. उघड्या गाडीत ते वाऱ्याने उडणार, डोळ्यात जाणार. नमदा चांगला निघाला. आणि नमद्याच्या खालच्या अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत कागद लावल्यावर तर गोळी किती तरी वेळ तशीच उभी. नाना लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

आवाजासाठी आम्ही बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. नुसता वाजवला की ठणठण. आत डांबरी पट्टा चिकटवून वाजवला की ठप्प. नाना म्हणाले, “मेला डबा!” दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला डबा वाजवून दाखवत होते. आई गेल्यावर इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते.

तर आता लिहून घे, किंवा कारागिराला हेच वाचून दाखव.

डांबरी पट्टा फक्त दारांच्या आतून, सीटमागच्या पत्र्याला आणि डिकीत. त्याने पत्रा थरथरत नाही, अर्धा आवाज तिथेच मरतो. इंजिनाकडच्या पत्र्याला आणि तळाला तो अजिबात लावू नकोस. तापला की पातळ होतो आणि वास मारतो. सायलेन्सरचा पाइप डाव्या बाजूने जातो, म्हणून खरा ताप डावीकडे बसणाऱ्याच्या पायांखाली. तिथे गाडीच्या खालून, पाइप आणि तळ यांच्या मधे, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवायचा, पण तळाला चिकटवून नव्हे. बोट जाईल इतकी फट राहिली पाहिजे, म्हणजे वारा खेळतो. आतून नमद्याचे दोन थर, चकचकीत बाजू खाली, वर रेक्झिन. नमदा चिकटवायचा नाही, बटणांनी बसवायचा, कारण पाऊस आत आला की तो पाणी धरतो आणि खालचा पत्रा सडतो. काढून वाळवता आला पाहिजे. तळाची पाणी जायची भोकं बुजवू नकोस. आमच्या भटू कुशनवाल्याने हे सगळं असं नीट शिवलं होतं की वरून मूळचंच वाटावं.

आता तुझा शेवटचा प्रश्न. ‘डाव्या तळाला तुमच्या डांबराचा काळा चिकट डाग राहिलाय, घासूनही जात नाही, कशाने काढू?’

भाऊ, आम्ही तळाला डांबर लावलंच नव्हतं. आत्ताच लिहिलं ना वर.

तो डाग नानांच्या चपलेचा आहे.

हे लिहून मी मघाशी उठले होते. पाणी प्यायले, गच्चीवरचे बिबडे उलटवून आले. आता पुढचं लिहिल्याशिवाय उठणार नाही.

रॅलीच्या आदल्या दिवशी तू आलास. गाडीत वाकून पाहिलंस आणि तुझा चेहराच बदलला. “हे कोणी केलं? परीक्षक गाडी मूळची कशी होती तेच बघतात. हा गोधडीचा संसार पाहिला तर उभंही करणार नाहीत.” नाना पोर्चच्या पायरीवर बसले होते. त्यांना तुला डबा वाजवून दाखवायचा होता, मांडीवर घेऊनच बसले होते. तू स्क्रू-ड्रायव्हर घेतलास, दारांचे पट्टे खरवडलेस, नमदा ओढून बाहेर टाकलास. खालचा पत्राही काढलास. मी म्हटलं, “भाऊ, परीक्षा झाली की निदान नमदा परत अंथर. नानांच्या पायांना कळत नाही.” तू म्हणालास, “बूट घालतील.” मी म्हटलं, “पाय सुजतात, बूट चढत नाहीत.” त्यावर तू काय म्हणालास आठवतं? “कुंदा, तू तुझं घर बघ.”

मी नानांकडे पाहिलं. ते म्हणाले, “राहू दे वं. त्याले समजते त्यातलं.”

महाराष्ट्रदिनाला जळगावचं ऊन कसं असतं ते तुला सांगायला नको. तू गॉगल लावलास, नानांच्या डोक्याला मीच ओला पंचा बांधला. संध्याकाळी ते एकटेच स्टँडवरून रिक्षाने आले. तू त्यांना धुळ्याला एसटीत बसवून, कप घेऊन, परस्पर नाशिकवरून पुण्याला निघून गेला होतास. हे कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते. नाना आनंदात होते. “पह्यला नंबर आला वं! हार घातला मले बी.” बोलता बोलता आत आले, आणि मला फरशीवर ओले ठसे दिसले. डाव्या पायाचे तेवढेच. मी त्यांना बसवलं, चप्पल काढायला गेले तर निघेना. रबर वितळून तळपायाला चिकटलं होतं. पाण्याने भिजवून सोडवलं, तेव्हा रबराबरोबर कातडी आली, उकडलेल्या बटाट्याची साल सुटते तशी.

मी ओरडले. नाना आपल्या पायाकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

“कई झालं हे?” त्यांनी मलाच विचारलं.

मग त्यांनी हळूहळू जुळवलं. एरंडोलच्या पुढे त्यांनी तुझ्याशी बोलायला सुरुवात केली, तर तू कानाला हात लावून मान हलवलीस, ऐकू येत नाही म्हणून. दोनदा केलंस तसं. मग ते गप्प बसले. पारोळा सोडल्यावर त्यांना जळक्या रबराचा वास आला. त्यांनी तुझा दंड हलवला, पायाकडे बोट दाखवलं. तू ओरडून म्हणालास, “ब्रेकचा वास आहे नाना! आता थांबलो तर वेळ चुकेल!”

तो वास तुलाही आला होता, हे तुझ्याच वाक्यावरून कळतं. म्हणून मी विचारत नाही.

मी त्याच क्षणी शेजारच्यांच्या फोनवरून तुला ट्रंककॉल लावायला उठले होते. नानांनी माझा पदर धरला. “गिरधरले सांगशीन त माह्या गळ्याची आन हाये तुले. ह्या गाडीनं तो घरात आला पोरी, ह्याच गाडीनं बाहीर जाईन. कोनी इचारलं त सांगजो, गरम पान्याच्या पिशवीनं भाजलं.”

“पिशवी कोणी दिली म्हणून विचारतील, नाना.”

“तू दिली म्हनजो,” ते म्हणाले. “तुले कोन काय म्हनीन?”

कोण काय म्हणेल! नानांना माणसं कधी कळलीच नाहीत.

पुढचं तुला माहीत आहे. आधी दोन बोटं काढली, मग श्रावणात गुडघ्याखालून पाय. तू दवाखान्यात आलास, दारातच मला विचारलंस, “तुला अक्कल आहे का? साखरेच्या माणसाला पिशवी?” पिशवी कधी दिली, कुठे दिली, तळपायालाच कशी लागली, एक प्रश्न विचारला नाहीस. एवढा इंजिनिअर तू, प्रत्येक स्क्रूची चौकशी करणारा. पिशवीचं उत्तर तुला फार लवकर पटलं.

कुबड्यांवर नानांनी वर्ष काढलं. पोर्चमध्ये रिकाम्या जागेकडे तोंड करून बसायचे. तुझी गाडी कुठल्या कुठल्या रॅलीत गेली, त्याचे फोटो तू पाठवायचास, ते उशाखाली ठेवायचे. मग मूत्रपिंडं गेली आणि पितृपक्षात तेही गेले. शेवटच्या दिवसांतसुद्धा मला विचारत होते, “सांगितलं त नाई ना?”

आणि तेराव्याला, सावद्याच्या घरी, पंगत बसलेली असताना, आत्या, काका, माझ्या सासूबाई, सगळं गाव जेवत असताना, तू म्हणालास, “बी.एस्सी. झालेली पोरगी, आणि बापाचा पाय पिशवीने भाजते. नाना आज असते.” मी वरणाचं भांडं घेऊन उभी होते. मी पुढच्या पानावर वरण वाढलं. काय करणार होते? ज्याची राख नुकती नदीत सोडली, त्या माणसाने घातलेली शपथ होती.

सासूबाईंनाही साखर आहे. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या हातचं अंघोळीचं पाणी घेतलं नाही. शेजारणीला हाक मारायच्या, “जरा बोट घालून बघ वं, किती गरम हाये.” माझ्यादेखत. संक्रांतीनंतर धाकट्या दिरांना बोलावून घेतलं आणि धुळ्याला गेल्या. जाताना ह्यांना म्हणाल्या, “मले दोन पायांनी मराचं हाये.” ह्यांनाही मी पिशवीच सांगितली होती. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ह्यांना पहिल्यांदा खरं सांगितलं. म्हणाले, “मला तरी सांगायचं होतंस.” एवढंच. पण संध्याकाळी धुळ्याची बस धरून गेले आणि दुसऱ्या दिवशी एकटेच परत आले. सासूबाई म्हणाल्या म्हणे, “आता बाप बोलाले नाई, तं पोरगी काई बी सांगीन.”

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी आता काहीही सांगितलं तरी ते अंगावरचं झटकल्यासारखंच दिसणार. माझ्या तोंडून ते कधीच खरं होणार नाही. नानांनी ती वाट बंद करून ठेवली, आणि वर म्हणाले, तुले कोन काय म्हनीन. कधी कधी रागाने मला त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवावासा वाटतो. हेही लिहून टाकते. तुझ्यासाठी त्यांनी मला खर्ची घातलं, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

त्यांना तुझ्याशी काय बोलायचं होतं ते मला ठाऊक आहे. दवाखान्यात सांगितलं त्यांनी. ते तुझं आहे, माझ्याकडे ठेवून काय करू? त्यांना म्हणायचं होतं, “तुह्या लग्नाले आलो नाई, माहं चुकलं. सूनबाईले ह्या सीटवर बसवून एकदा सावद्याले आन, मी वेशीवर उभा राह्यतो.” बस. एरंडोल ते पारोळा एवढ्या रस्त्यात सहज मावलं असतं.

तुझ्या डागावर उपाय विचारलास. रॉकेलने भिजवून पत्र्याच्या तुकड्याने खरवडलास तर निघेल. काढायचा की ठेवायचा, तुझं तू ठरव. मात्र मैत्रेयीला त्या बाजूला बसवण्याआधी अस्तर लाव. वहिनींना सरळ विचार, पायाला चटका बसतो का म्हणून, आणि त्या हो म्हणाल्या तर गाडी थांबव.

भाद्रपदात नानांचं वर्षश्राद्ध आहे. कौतिक काकांनी सावद्यालाच करायचं ठरवलंय, तेच सगळे लोक येतील. सासूबाईंनाही हे घेऊन येणार आहेत. तू ये. पंगत बसल्यावर, तेराव्याला बोललास तेवढ्याच आवाजात सांग की पिशवी नव्हती. गाडी होती, तू चालवत होतास, आणि वास आला होता. आणखी काही बोलू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. तुझ्या माफीचं मला काही करायचं नाही. मला माझ्या सासूच्या अंघोळीचं पाणी काढायचं आहे.

नाही बोललास तरी तुझं पान मी वाढीन. बापाच्या श्राद्धाला आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची आपल्याकडे रीत नाही. पण ते जेवण माझ्या हातचं शेवटचं समज. मग राखीला वाट बघू नकोस, भाऊबीजेला येऊ नकोस, आणि मी गेल्याचं कळलं तर ह्यांच्याकडे समाचाराला बसू नकोस.

नानांची शपथ मी मोडली. त्याचं जे काही पाप असेल ते माझं मी भोगीन, तू त्यात वाटेकरी होऊ नकोस. तुझ्या वाट्याचं तुझ्याकडे पुष्कळ आहे.

शुभदा वहिनींना नमस्कार. मैत्रेयीला पापा. तिच्या पोटरीला खोबरेल लावायचं, आणि तो फोड फोडू नये.

तुला काय लिहून पत्र संपवावं ते सुचत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

कुंदा